ताडोबाच्या आधी माळ: सोलापुरात राहून निसर्गाचे फोटो शिकायचे असतील तर

नवा कॅमेरा हातात आला की पहिली सहल ताडोबाची, असं बहुतेकांचं ठरलेलं असतं. माझं सांगणं एवढंच, की त्याआधी एक हिवाळा सोलापूरच्या माळावर काढा. मी लग्नाचे फोटो काढून घर चालवतो. तिथी नसल्या की शिकणाऱ्या मंडळींना घेऊन नान्नज, मार्डी, हिप्परगा, उजनी असा फिरतो. जंगल सफारीत कुठं थांबायचं ते जिप्सीचा ड्रायव्हर ठरवतो, कुठं बघायचं ते गाइड सांगतो, आणि शेजारी बसलेल्यांच्या कार्डात जो फोटो असतो तोच आपल्याही कार्डात येतो. माळावर हे सगळं आपलं आपल्याला करावं लागतं. वारा कुठून आहे, ऊन कुठल्या अंगाला आहे, चरणारं काळवीट मान वर करून का थांबलं, हे एकदा कळायला लागलं की पुढं कुठल्याही रानात गेलात तरी हात अडखळत नाही.

माळ रिकामा दिसतो आणि म्हणूनच शिकवतो. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी १९७९ मध्ये इथलं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात आलं होतं. पुढं तो कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला. आज माळढोक दिसेल या आशेनं कुणी येऊ नये. वर्षाला साधारण एकच अंडं घालणारा हा पक्षी आहे, विजेच्या तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत, आणि त्याच्या गवताच्या जागा नांगराखाली गेल्या. काही ठिकाणी तर भल्या हेतूनं गिरिपुष्प, सुबाभूळ लावून माळाचं झुडपी रान करून टाकलं. २०११ पासून त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे, आणि उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरकडं आहेत. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की माळ म्हणजे झाडांची वाट बघणारी पडीक जमीन असं मनात ठेवून फोटो काढलात तर फोटोही तसेच येतात. गवत हेच इथलं जंगल आहे.

त्या गवतात काळविटांचे कळप आहेत, लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. चंडोल, धाविक, पखुर्डी, माळटिटवी, तितर, खाटीक हे पक्षी तर आहेतच. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मध्य आशियातून आलेले भोवत्या, म्हणजे आपण ज्यांना हॅरियर म्हणतो ते शिकारी पक्षी, गवतावरून अगदी खालून फिरत टोळ टिपत असतात. शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

निघायच्या आधी

अभयारण्याच्या हद्दीत जायला वनखात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये छायाचित्रणासाठी परवानगी देण्याची सोय आहे, तेव्हा लपूनछपून शिरण्याचं काही कारणच नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि स्थानिक वनरक्षक सांगेल त्या वाटेच्या बाहेर जाऊ नका. हद्दीबाहेरचा माळ बराचसा कुणाच्या ना कुणाच्या मालकीचा असतो. बांधावर माणूस दिसला की आधी राम राम, मग "मालक, शेतात पाय ठेवू का?" एवढं विचारायचं. काळविटांनी ज्वारीचं नुकसान केलेलं असतं, माणूस वैतागलेला असतो. त्याचं दोन मिनिटं ऐकून घ्या. मेंढ्या घेऊन निघालेल्या धनगर मामांना तर रोजच भेटा. काल रात्री लांडगा कुठल्या अंगानं गेला हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, कारण त्यांची मेंढरं पणाला लागलेली असतात.

सामान कमी घ्या. ७०-३०० मिलिमीटरची लेन्स असली तरी सुरुवात होते. १५०-६०० किंवा १००-४०० असेल तर उत्तम, पण ती पहिल्या वर्षी विकत घेण्यापेक्षा एखाद्या शनिवार-रविवारसाठी भाड्यानं आणून बघा. ट्रायपॉड माळावर फारसा कामाला येत नाही. त्याऐवजी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, तिच्यात ज्वारी किंवा तांदूळ भरा. गाडीच्या खिडकीवर, दगडावर, जमिनीवर, कुठंही लेन्सला बैठक मिळते. आणि एक जुनी सोलापुरी चादर. पोटावर झोपून फोटो काढायचा तर खाली सराटे असतात, पावसाळा सरल्यावर कुसळी गवताची कुसळं कपड्यातून आत शिरतात. आपली चादर जाड असल्यामुळं त्यांना पुरून उरते. भडक रंगाची मात्र नको. घोट्यापर्यंतचे बूट घाला, आडवं होण्याआधी जागा काठीनं चाळवून घ्या, कारण फुरसं आणि घोणस दोन्ही या माळावर आहेत. पाणी माणशी तीन लिटर. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, म्हणजे दिवसभर खराब व्हायची काळजी नाही आणि मागं प्लास्टिक राहत नाही.

पहिला तास

जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेमध्ये सहाच्या आत. तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी जागेवर हवं. "आठला निघू, नऊला पोचू" असं म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगतो की मग घरीच थांबा. कारण फक्त सोनेरी उन्हाचं नाही. जमीन तापली की हवा थरथरायला लागते, उन्हाळ्यात नऊलाच, हिवाळ्यात दहा-साडेदहाला. लांबच्या लेन्समधून बघितलं तर काळविटाच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या हलतात. त्या वेळी काढलेला फोटो कितीही भारी लेन्सनं काढा, धारदार येत नाही, आणि लोक लेन्सला दोष देत बसतात. जमिनीलगत ही थरथर सगळ्यात जास्त असते. म्हणून झोपून काढायचे फोटो पहिल्या तासात उरकायचे, ऊन चढल्यावर उभं राहून किंवा गाडीतून, आणि तेही जवळच्याच गोष्टींचे.

गाडीतही हाच घोळ होतो. आत एसी चालू, बाहेर ऊन, आणि खिडकी उघडून लेन्स बाहेर काढली की गार आणि गरम हवा लेन्सच्या तोंडापाशीच मिसळते. माळावर पोचायच्या बऱ्याच आधी एसी बंद करा, चारही काचा खाली घ्या. बॉनेटवरून फोटो काढू नका, इंजिनाची वाफ मध्ये येते. गाडी थांबली की इंजिन बंद. पक्ष्यांना गाडीची भीती कमी आणि माणसाच्या आकाराची जास्त असते. त्यामुळं गाडी हीच तुमची लपणी. दार उघडलंत की पखुर्डी उडालीच म्हणून समजा. आणि गाडी चाकोरी सोडून गवतात घालायची नाही. कितीही मोह होवो, नाही म्हणजे नाही.

आता वाऱ्याचं सांगतो, कारण हे कुणी नीट शिकवत नाही. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो, वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर भोवत्या तुमच्याकडं तोंड करून, सावकाश, जवळजवळ तरंगत येतो. हिवाळ्यात आपल्याकडं सकाळचा वारा बहुतेक वेळा ईशान्य-पूर्वेकडून असतो आणि ऊनही पूर्वेकडूनच. म्हणजे पूर्वेला पाठ करून बसलात की ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या बाजूनं. पण काळवीट, खोकड, लांडगा यांच्यासाठी हेच उलटं. पाठीमागचा वारा तुमचा वास थेट त्यांच्या नाकाशी नेतो. तिथं वारा समोरून हवा, आणि मग ऊनही समोरूनच आलं तर ते आनंदानं घ्या. गवताच्या तुऱ्यांना आणि जनावराच्या केसांना मागून उजेडाची किनार लागते, माळाचे सगळ्यात देखणे फोटो तसेच येतात. रोज सकाळी मूठभर माती हवेत सोडून वारा बघा, मगच जागा धरा.

काळविटाकडं सरळ चालत जायचं नाही. त्याच्याकडं न बघता, तिरकं, थांबत थांबत, आणि शेवटी बसून. कळप चरत राहिला तर ठीक. एक मान वर आली, मग दुसरी, कुणी पाय आपटला, म्हणजे तुमची हद्द तिथं संपली. तिथंच बसा. अर्ध्या तासात कळप स्वतःहून जवळ येतो, असं पुष्कळदा होतं. पळवून काढलेल्या उड्यांचा फोटो मी माझ्या शिकणाऱ्यांना दाखवूसुद्धा देत नाही.

नराचा रंग काळा-पांढरा असल्यामुळं कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. कॅमेरा सगळ्याला मधला राखाडी करू बघतो. तुम्ही पोटाचा आणि डोळ्याभोवतीचा पांढरा सांभाळा, तो जळला, म्हणजे जास्त उजेडानं नुसता पांढरा डाग झाला, तर परत येत नाही. पाठीतला काळा रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, थोडा उचलता येतो. म्हणून रॉमध्येच काढा आणि पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघून घ्या. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका, चरणाऱ्या जनावराला १/५०० पुष्कळ झालं. अ‍ॅपर्चर लेन्सचं जे सगळ्यात मोठं असेल ते, म्हणजे f चा सगळ्यात छोटा आकडा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर टाकून वरची मर्यादा ३२०० ला बांधा. फोकस सतत चालणारा ठेवा आणि पक्षी लांब असतानाच त्याला धरून सोबत फिरत या. जवळ आल्यावर शोधायला गेलात तर तो गेलेला असतो. एवढं पाठ झालं की सेटिंगचा विषय संपला. लोक यातच महिने घालवतात.

त्याऐवजी वेळ घालवा तो चौकटीत माळ कसा घ्यायचा यावर. चंडोल वितभर लांबीचाही नाही. त्याला फ्रेमभर आणायच्या हट्टानं त्याच्या अंगावर जाण्यापेक्षा त्याच्याभोवतीचं गवत, मागचं हिवराचं झाड, वरचं आभाळ घ्या. पावसाळ्यात, ढग दाटलेले असताना, कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या किट लेन्सनं माळ असा काही दिसतो की मोठी लेन्स बॅगेतच राहते. आणि मागं विजेचे मनोरे आले तर ते खोडून टाकू नका. ते इथल्या पक्ष्यांच्या आयुष्यात आहेत, फोटोतही असू द्या.

मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत फार जपून. टिटवी, धाविक, चंडोल, सगळे जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखी दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत समोरून निघाला, तर पुढं पाऊल टाकायचं नाही. आलात त्याच पावलांवर मागं फिरा. मेच्या उन्हात आईबाप उडाले तर अंडी थोड्या वेळात शिजतात. घरट्याचा फोटो हा विषयच आपल्या वहीत नको. लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात असतात, तेव्हा त्यांच्या बिळाचंही तेच. पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून त्यांना बाहेर काढणं, मांस टाकून बोलावणं, ड्रोन उडवणं, यातलं काही करणाऱ्यासोबत गाडीत बसू नका. आणि भोवत्या रात्री गवतातच जमिनीवर एकत्र बसतात, त्यामुळं संध्याकाळी उंच गवतात पायी हिंडायचं नाही.

पाण्याकाठी

माळावर हात बसला की उजनी. भीमेवरच्या या धरणाचं पाणी जसजसं ओसरतं तसा काठचा गाळ उघडा पडतो, आणि साधारण डिसेंबर-जानेवारीपासून रोहित पक्षी, अर्थात फ्लेमिंगो, दिसायला लागतात. सगळे भिगवण-कुंभारगावला धावतात. ती बाजू चांगलीच आहे, तिथं नावा मिळतात, कोळी बांधवांना पक्ष्यांची उत्तम माहिती असते. पण आपल्या जिल्ह्यातला करमाळ्याचा काठ विसरू नका. करमाळ्याच्या काठावरून सकाळी पाण्याकडं बघितलं तर ऊन साधारण डाव्या खांद्यामागून येतं. संध्याकाळी तोच काठ समोरच्या उन्हाचा होतो, तेव्हा काळ्या आकृत्या काढायच्या. भिगवणच्या काठावर हे गणित संध्याकाळी जुळतं. आधी ऊन ठरवा, मग गाव.

नावेत लाइफ जॅकेट घालूनच बसायचं. नाव डोलत असते, त्यामुळं शटर १/१६०० च्या वरच, ट्रायपॉड घरी. शक्य तितकं खाली बसा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की पक्षी मोठा आणि मागचं पाणी मऊ दिसतं. नावाड्याला निघतानाच सांगा, "मामा, उडवायचं नाही, लांबच थांबू." कारण त्यांना गिऱ्हाइकांनी सवय लावलेली असते, थव्यात नाव घातली की सगळे गुलाबी पंख एकदम उघडतात आणि लोक खूश होतात. रोहितला उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं, त्यात त्याची ताकद जाते. चरण्याचा वेळ मोडतो तो वेगळाच. थांबलात तर थवा आपल्या कामासाठी उडतोच, आणि तेव्हा तो वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून उडेल हे तुम्हाला माळावर कळलेलं असतं.

आठवड्यातल्या मधल्या दिवशी सरावाला हिप्परगा तलाव आहे, तुळजापूर रस्त्याला. शहरातच राहायचं तर धर्मवीर संभाजी तलाव, आपला कंबर तलाव. बगळे, वारकरी नावाचा पाणपक्षी, खंड्या, यांच्यावर हात घासून घ्या. पांढऱ्या बगळ्याचं पीस न जळवता जो काढेल त्याला रोहित अवघड नाही.

मग कार्यशाळा, मग लांबचा प्रवास

एवढं झालं की पैसे देऊन शिकायला जायला हरकत नाही, कारण आता तुमच्याकडं प्रश्न असतील. नाव नोंदवण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. एका शिकवणाऱ्यामागं माणसं किती? सहा-आठच्या वर असतील तर ती सहल असते, शिकवणी नव्हे. जिप्सीत किती जण बसवणार? जागा सहा जणांची असली तरी मोठ्या लेन्स घेऊन तिघं-चौघंच नीट काम करू शकतात. दुपारी प्रत्येकाचे फोटो सगळ्यांसमोर बघणार का? हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. खरं शिकणं दुपारीच होतं, पंख्याखाली बसून, आपला फोटो का फसला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना. आणि परवान्याचे, गाइडचे, गाडीचे पैसे फीमध्ये आहेत का, सफारी रद्द झाली तर काय, हे लेखी मागा. "वाघ नक्की दाखवतो" असं जो म्हणेल त्याला नम्रपणे नको म्हणा. जनावराची हमी देणारा माणूस जनावराच्या अंगावर गाडी घालायला कचरत नाही.

जवळच्यापासून सुरू करा. नगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचंच आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. नंतर गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर. तिथंही काळवीट आणि भोवत्याच, पण दृश्य इतकं मोकळं की नान्नजला शिकलेलं सगळं तिथं फुलतं. पावसाळ्यात ते उद्यान बंद असतं, दिवाळीनंतर जा. राजस्थानातलं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान मी सगळ्यात शेवटी ठेवायला सांगतो. तिथं माळढोकाला गोडावण म्हणतात. ज्या पक्ष्यासाठी आपला माळ राखला गेला तो पहिल्यांदा बघताना हात थरथरणारच. लांबूनच बघा, दुर्बीण न्या, फोटो छोटा आला तरी चालेल.

आणि ताडोबा? जरूर जा. मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद, एवढं बघून ऑनलाइन जागा धरा. मेचं ऊन सोलापूरकराला नवीन नाही. नवीन असतो तो उजेड. बांबूखाली तो इतका कमी असतो की माळावरचं १/२००० तिथं विसरायचं, १/२५० ला श्वास रोखून, ज्वारीच्या पिशवीवर लेन्स टेकवून काम करायचं. वाघ नसतानाच्या तासांत रानकुत्री, नीलगाय, झाडाच्या खोडावरचा उजेड, धुळीतली वाट, हे काढा. गाइडला आधीच सांगून ठेवा की आम्हाला पाणवठ्यावर एकाच जागी थांबायचंय. बहुतेक गाइडना हे ऐकून बरंच वाटतं.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटो दोन जागी उतरवा आणि चाळून निम्मे काढून टाका. जे ठेवाल त्याच्या खाली तारीख, वेळ, वारा, जनावर काय करत होतं ते लिहा. दोन हिवाळ्यांनी ही वही लेन्सपेक्षा जास्त कामाला येते. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, अभ्यासकांना त्यांचा उपयोग होतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची पाणवठ्यावरची गणना असते, तिला स्वयंसेवक म्हणून नाव द्या. ज्या शेतकऱ्यानं शेतात पाय ठेवू दिला त्याला त्याच्या बांधावरच्या पक्ष्याची एक प्रिंट नेऊन द्या.

फोटो सगळ्यांना दाखवताना मोबाइलमधलं लोकेशन बंद आहे ना ते आधी बघा. लांडगा, तरस, खोकड यांच्या फोटोखाली गावाचं नाव लिहू नका. तालुकाही नको, "सोलापूर जिल्हा" एवढं पुरे. कुणी मेसेज करून विचारलंच तर त्याला म्हणा, रविवारी पहाटे साडेपाचला चल माझ्यासोबत.